खालच्या पानांतलं मीठ

सकाळी फ्लेम फोटोमीटर पेटवला तेव्हा ज्योत स्वच्छ निळी होती. नमुना आत ओढला गेला की सोडियममुळे ती पिवळी होते, आणि जितकी पिवळी तितका आकडा मोठा. बाराव्या बाटलीपर्यंत मी मुकाट्याने आकडे लिहीत होते. मग वहीतले दोन रकाने शेजारी शेजारी वाचले आणि पोटात गोळा आला. दोन्ही रकाने जवळजवळ सारखेच होते.

एक रकाना क्षार सोसणाऱ्या मोहरीच्या वाणाचा, दुसरा न सोसणाऱ्या. दोन्ही धुतलेल्या वाळूत, एकाच दिवशी पेरले होते. उगवताना मोहरी मिठाला फार नाजूक असते, म्हणून रोपं चार पानांची होईपर्यंत थांबलो. मग पोषकद्रावणात मीठ वाढवत वाढवत लिटरला 5.84 ग्रॅमवर, म्हणजे 100 मिलिमोलवर नेलं. एकदम दिलं असतं तर मुळांना पाणीच ओढता आलं नसतं; रोपांनी माना टाकल्या असत्या, आणि त्यात सोडियमचा वाटा किती हे कळलं नसतं. सोसणाऱ्या वाणाच्या पानांत सोडियम बराच कमी निघेल, अशी माझी खात्री होती.

पहिला संशय मी माझ्या विद्यार्थिनीवर घेतला. “चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या असतील,” मी म्हणाले. प्रश्नसुद्धा विचारला नाही, थेट सांगूनच टाकलं.

“नाही मॅडम. प्रत्येक चिठ्ठी मीच लिहिली आणि मीच बांधली.” तिचा आवाज बारीक झाला होता.

मग हातांचा घाम लागला का, काचेची बाटली वापरली का, असं सगळं तपासलं. काचेतूनही सोडियम सुटतो. पण तिने हातमोजे घातले होते आणि बाटल्या प्लास्टिकच्याच होत्या. तिची चूक कुठेच सापडेना.

शेवटी आम्ही दोघी हरितगृहात गेलो. खरं तर तिथेच आधी जायला हवं होतं. न सोसणाऱ्या वाणाची पानं खालपासून वरपर्यंत कडेने करपली होती, शेंड्याची कोवळी पानंसुद्धा गुंडाळायला लागली होती. सोसणाऱ्या वाणाची सगळ्यात खालची दोन पानं त्याहून वाईट होती: पिवळी, कडांना तपकिरी, हात लावला तर देठापासून सुटतील अशी. पण त्यांच्या वर हिरवंगार, आणि शेंड्याला कळ्यांचा झुबका. मी गुडघ्यावर बसून एकेक पान बघत राहिले. आम्ही एका रोपाची सगळी पानं एकत्र वाळवून, दळून एकच नमुना केला होता. जे बघायला हवं होतं ते आम्हीच कुटून एक केलं होतं.

दुपारी शिल्लक रोपांची पानं क्रमाने तोडली. खालून पहिलं, दुसरं, तिसरं, प्रत्येकाचं पाकीट वेगळं. दोन दिवस ओव्हनमध्ये वाळवून, आम्लात अर्क काढून पुन्हा ज्योतीपुढे बसलो. सोसणाऱ्या वाणाचं खालचं पान: ज्योत भडक पिवळी. मधलं: फिकट. शेंड्याचं: निळ्या ज्योतीला जेमतेम पिवळी कड. न सोसणाऱ्या वाणात मात्र शेंड्यापर्यंत पिवळंच.

पोटॅशियमचे आकडे उलटे होते. कोवळ्या पानांत भरपूर, जुन्यांत कमी. हे महत्त्वाचं, कारण सोडियम दिसायला पोटॅशियमसारखाच आयन आहे. पेशीद्रवात तो वाढला की पोटॅशियमवर चालणारी विकरं, म्हणजे पेशीतली एन्झाइम्स, अडतात. म्हणून रोप त्याला जिथे तिथे अडवतं. मुळाच्या पेशीपटलावर एसओएस-1 नावाचं प्रथिन एक प्रोटॉन आत घेऊन एक सोडियम बाहेर टाकतं. त्या प्रथिनाचं जनुक 1996 साली मोहरीच्याच कुळातल्या अराबिडॉप्सिस या छोट्या रोपात सापडलं, जनुकात बदल झाल्याने मीठ अजिबात न सोसणाऱ्या उत्परिवर्ती रोपांमुळे. एवढं करूनही पानापर्यंत पोचलेला सोडियम एनएचएक्स प्रथिनं पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडतात. 2001 मध्ये कॅनोला या मोहरीच्या जवळच्या तेलबियांच्या पिकात अशा एका प्रथिनाचं जनुक जास्त चालवून बघितलं होतं. ती रोपं 200 मिलिमोल मिठातही फुलली आणि बीही धरलं, पानांत मात्र मीठ ठासून भरलेलं. मी हे वर्गात शिकवते. तरीही “सोसतं म्हणजे कमी शोषतं” ही गाठ माझ्या डोक्यात तशीच बसून होती.

खालच्या पानांची रिक्तिकाही कधीतरी भरते आणि पान मरतं. खालची पानं मरण्याच्या वेगापेक्षा वर नवी येण्याचा वेग जास्त राहिला, तर रोप शेंगांपर्यंत पोचतं. न सोसणाऱ्या वाणात तो हिशेब कळ्या येण्याआधीच चुकला होता. मला हे फार हृद्य वाटतं, की कळ्यांना गोड पाणी मिळावं म्हणून म्हातारी पानं मीठ अंगावर घेतात. शास्त्रज्ञाने असं बोलू नये म्हणतात, पण कुंडीसमोर बसल्यावर दुसरे शब्द सुचत नाहीत.

संध्याकाळी मी तिची माफी मागितली. ती क्षणभर गप्प राहिली, मग कपाटातून एक जाडसर पाकीट घेऊन आली. “मॅडम, आधी गळून पडलेली पानं मी फेकली नव्हती. कुंडीत कुजली तर मीठ परत वाळूत जाईल, असं वाटलं.”

पाकिटावर वाणाचं नाव, कुंडीचा क्रमांक, गळाल्याची तारीख, सगळं होतं. त्यांचाही अर्क काढला. पहिल्याच नमुन्याला आकडा यंत्राच्या मापाबाहेर गेला. दहापट पाणी घालून पुन्हा लावला, तरी ज्योत पिवळीधमकच होती.