शेजाऱ्यांनी शेजाऱ्याला मत द्यायचं तेव्हा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सम वर्षी फेब्रुवारीत राजकीय पक्षांचे कॉकस, म्हणजे स्थानिक सभा, भरतात. एका प्रिसिंक्टमधले, म्हणजे मतदानासाठी आखलेल्या छोट्या विभागातले, शेजारीपाजारी संध्याकाळी सात वाजता शाळेच्या वर्गात जमतात, पक्षाच्या वरच्या अधिवेशनासाठी डेलिगेट (प्रतिनिधी) निवडतात, ठराव मांडतात. ६ फेब्रुवारी २०१८ ला आमच्या प्रिसिंक्टची संयोजक मी होते. पक्ष कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. मत कोणी द्यायचं हे राज्याच्या कायद्यात आहे आणि तो कायदा दोन्ही मोठ्या पक्षांना लागू आहे. गव्हर्नर मार्क डेटन पुन्हा उभे राहणार नव्हते, त्यामुळे दोन्हीकडे चुरस होती.

दारात सहीचा कागद घेऊन मी बसले होते. नाव, पत्ता, सही. ओळखपत्र मागायचं नाही. मिनेसोटात मतदार नोंदणी करताना पक्ष लिहायचा नसतो, तेव्हा आपला कोण आणि परका कोण हे ताडून बघायला यादीच नाही. सही करणारा एवढंच म्हणतो: मी याच प्रिसिंक्टमध्ये राहतो, नोव्हेंबरच्या निवडणुकीत मला मताचा हक्क असेल, पक्षाची तत्त्वं मला मान्य आहेत, आणि मागच्या वेळी मी या पक्षाबरोबर होतो किंवा येत्या निवडणुकीत असणार आहे.

ठिणगी पडली ती या शेवटच्या अटीवरून. सभेने मलाच अध्यक्ष निवडलं होतं. पहिल्या मतदानाला हात वर गेले आणि आमचे एक जुने कार्यकर्ते उठले. मागच्या बाकावरच्या गृहस्थांकडे बोट दाखवून म्हणाले, “यांच्या अंगणात २०१६ ला दुसऱ्या पक्षाची पाटी होती. यांना मत देता येणार नाही.”

वर्ग एकदम चिडीचूप. कायद्याची प्रत माझ्याजवळ होती, ती वाचून दाखवली. कोणाच्या हक्कावर आक्षेप आला तर निर्णय अध्यक्षाने द्यायचा नाही, अख्ख्या सभेने मतदान करून द्यायचा. ज्याच्यावर आक्षेप, त्याने त्या मतदानात भाग घ्यायचा नाही.

ते गृहस्थ उभे राहिले. अंगावर कारखान्याचा गणवेश, खिशावर तेलाचा डाग. “पाटी होती, खरं आहे,” ते म्हणाले. “या नोव्हेंबरला मी तुमच्याबरोबर आहे. माझी दुसरी पाळी असते. मालकाला दहा दिवस आधी लेखी कळवून, आजच्या तासांचा पगार सोडून आलोय.” कॉकससाठी अशी रजा देणं इथल्या मालकांना कायद्याने भाग आहे, पगार मात्र कापता येतो.

मी हात वर करायला सांगितलं. दोन-तीन सोडले तर सगळ्यांचे हात त्यांच्या बाजूने. आक्षेप घेणाऱ्यांचा राग मला कळत होता. त्यांनी कित्येक वर्षं कडाक्याच्या थंडीत दारोदार फिरून पक्ष उभा केलाय. पण माणसाचं मन बदललं की नाही हे त्याच्या शब्दावरच घ्यावं लागतं, आणि मला ते मनापासून पटतं. मतं बदलूच द्यायची नसतील तर प्रचार कशासाठी करायचा?

याच वर्गात भिंतीलगतच्या खुर्चीवर आमच्या गल्लीतली एक पुण्याची मैत्रीण बसली होती. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, तिचा व्हिसा त्याच्यावर अवलंबून, ग्रीन कार्डची (कायम राहण्याच्या परवान्याची) रांग संपता संपत नाही. घर इथे, कर इथे, पक्षाची तत्त्वं तर तिला आमच्यातल्या अनेकांपेक्षा नीट ठाऊक. पण नागरिक नाही, म्हणून मत नाही. बसून ऐकायला कोणालाच मज्जाव नसतो, तेवढ्यासाठी ती आली होती. तिची लेक मात्र इथेच जन्मलेली. वय सतरा, सप्टेंबरमध्ये अठरा पूर्ण होणार, म्हणजे नोव्हेंबरला मतदार. तिला आजच पूर्ण हक्क.

मताचा हक्क नागरिकालाच असावा हे मला मान्य आहे. नागरिक व्हायला अर्धं आयुष्य जावं, हे मान्य नाही.

ठरावांची वेळ आली तशी लेक पुढे आली. “मावशी, माझा एक आहे,” असं मराठीत मला म्हणाली आणि मग इंग्रजीत वाचू लागली. तिचा दादा पुण्यात जन्मला, आईवडिलांबरोबर लहानपणी इथे आला. अवलंबित मुलाचा व्हिसा एकविसाव्या वर्षी संपतो, रांगेत कितीही वर्षं काढलेली असोत. अशा मुलांना आईवडिलांच्या अर्जाखाली राहू द्यावं, असा तो ठराव. वाचताना तिचा आवाज दोनदा अडकला. आई खाली बघत होती.

अनुमोदन त्या गणवेशातल्या गृहस्थांनी दिलं. ठराव मंजूर होऊन वरच्या अधिवेशनाकडे गेला. तिथे त्याच्या बाजूने बोलायला कोणीतरी हवं, म्हणून डेलिगेटसाठी मी तिचं नाव पुकारलं. विरोध झाला नाही. आक्षेप घेणारे कार्यकर्तेही डेलिगेट झाले, आणि अधिवेशनात ठराव कुठल्या टेबलावर द्यायचा, बोलायला किती वेळ मिळतो, हे तिला समजावत बसले.