‘मी’ म्हणणारा दुसराच कुणी

नेपथ्य म्हणावं तर चार खुर्च्या. नटांच्या हातात संहितेचे कागद. आपण ज्याला अभिवाचन म्हणतो, तेवढंच. इंग्लंडात आल्यावर पाहिलेली झगमगीत नाटकं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलीत, पण चर्चच्या हॉलमध्ये ऐकलेलं ‘असायलम मोनोलॉग्ज’ अजून तसंच्या तसं आठवतं.

‘आइस अँड फायर’ या नाट्यसंस्थेने २००६ मध्ये हे सुरू केलं. आश्रय मागायला आलेल्यांनी स्वतः सांगितलेली हकिगत, त्यांच्याच शब्दांत, व्यावसायिक नट वाचतात. मग प्रेक्षकांशी चर्चा. पुढे बर्लिनमध्ये याची जर्मन आवृत्तीही झाली.

मला आधी हे खटकलंच. ज्याने भोगलं त्याने बोलावं ना! इथे भलताच कुणी खुशाल ‘मी’ म्हणतोय.

मग लक्षात आलं, आश्रयाच्या अर्जासाठी होणाऱ्या सरकारी मुलाखतीतही असंच असतं. तिथे दुभाषा ‘मी’ म्हणतो. ‘मला पकडलं’, ‘मी पळालो’, असं. समोरचा अधिकारी ते लिहून घेतो आणि तपासतो. तारीख इकडची तिकडे झाली, आधीच्या जबाबाशी काही जुळलं नाही, की माणूसच खोटा ठरू शकतो. अर्ज फेटाळला तर अपिलात न्यायाधीशापुढे पुन्हा तेच सगळं. नाटकात मात्र तीच हकिगत कुणी उलटतपासणी न घेता ऐकून घेतं. आणि ज्याची ती आहे, त्याला रोज रात्री जखम उघडून दाखवावी लागत नाही. हवं तर त्याने मागच्या रांगेत बसावं, नको तर येऊही नये.

स्वतः रंगमंचावर येणारेही आहेत. पण ब्रिटनमध्ये निर्णय होईपर्यंत आश्रयार्थीला साधारणपणे काम करता येत नाही. अर्ज वर्षभर रखडला तर परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांपुरती. सरकारकडून मिळतात ते, स्वयंपाकाची सोय असलेल्या घरात राहत असाल तर, आठवड्याला माणशी जेमतेम ५० पौंड. म्हणजे त्याची गोष्ट वाचणाऱ्या नटाला मानधन घेता येतं, त्याला स्वतःला नाही! त्याच्या हातात फार तर तालमीला येण्या-जाण्याचं बसभाडं.

२०१५ मध्ये जो मर्फी आणि जो रॉबर्टसन या दोन तरुण नाटककारांनी फ्रान्समधल्या कॅलेच्या निर्वासितांच्या छावणीतच घुमटाकार नाट्यगृह उभारलं. चिखलात राहणाऱ्यांना नाटक कशाला, असं मीही म्हटलं असतं. छावणी २०१६ मध्ये पाडली गेली. पुढच्या वर्षी त्यांचं ‘द जंगल’ लंडनच्या यंग विक थिएटरमध्ये आलं. तिथे छावणीतलं अफगाण उपाहारगृह उभं केलं होतं आणि प्रेक्षक त्यातल्याच टेबलांशी बसत. काही नट खरोखर त्या छावणीत राहिलेले. कल्पना भारीच, पण तिकीट काढून छावणीत बसायचं, हे मला अजून थोडं टोचतं.

त्या हॉलमधल्या चर्चेला एक पाहुणा होता, आश्रय मिळून काही वर्षं झालेला. कुणीतरी विचारलं, “तुम्ही इथवर कसे आलात?”

तो म्हणाला, “ते सांगून झालंय, पुष्कळदा.” मग नटाकडे वळून म्हणाला, “तुम्ही वाचलंत ना, त्या गावाचं नाव तसं नाही म्हणत.” दोनदा म्हणून दाखवलं. नटाने पेन्सिल मागितली आणि संहितेत दुरुस्ती केली.