रुआँ: मान वर करून पाहायचा रस्ता

पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनवरून फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातल्या रुआँ शहराला गाडीने साधारण दीड तास लागतो. नॉर्मंडीत आम्ही एत्रता गावाचे समुद्रकाठचे उंच कडे पाहिले, किनाऱ्यावर भटकलो, सफरचंदाची सायडर प्यायलो. सगळं छान झालं. पण घरी आल्यापासून डोक्यात घोळतोय तो रुआँमधला एकच रस्ता, रू द्यू ग्रो-ओर्लोज, म्हणजे ‘मोठ्या घड्याळाचा रस्ता’.

एका टोकाला जुन्या बाजाराचा चौक, जिथे 30 मे 1431 रोजी इंग्रजांविरुद्ध लढलेल्या जोन ऑफ आर्कला जिवंत जाळलं. दुसऱ्या टोकाला कॅथेड्रल, ज्याचा दर्शनी भाग चित्रकार मोनेने 1892-93 मध्ये वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवला. मधला रस्ता 1970 च्या सुमारासच फक्त पादचाऱ्यांसाठी ठेवला गेला. पहिली दहा मिनिटं मी चक्क हिरमुसले होते. कपडे, बूट, मोबाईलची दुकानं, मोठाल्या काचा, सेलच्या पाट्या. यासाठी इतक्या लांब यायचं?

मग नजर दुकानांच्या पाट्यांच्याही वर गेली आणि तिथेच अडकली. वर सगळी लाकडी सांगाड्याची घरं. ओकचे उभे खांब, आडव्या तुळया, मध्ये तिरके आधार, आणि उरलेल्या चौकटींत माती-गवताचा गिलावा. आपल्या जुन्या वाड्यांसारखंच, भार लाकडाने पेलायचा आणि भिंतीने फक्त जागा भरायची. एका घराशी अगदी जवळ जाऊन पाहिलं, तर सांध्यांमधून लाकडी खुंट्यांची डोकी बाहेर आलेली दिसत होती.

या घरांचं वय ओळखायची एक खूण आहे. काही घरांचे वरचे मजले खालच्यापेक्षा रस्त्यावर पुढे झुकलेले असतात. जागा कमी, म्हणून हवेत वाढवलेल्या खोल्या. पण त्यामुळे गल्लीत अंधार व्हायचा आणि आग या घरावरून समोरच्या घरावर सहज जायची. 1520 मध्ये रुआँत असं बांधकाम बंद झालं. म्हणजे मजला पुढे आलेला दिसला की घर बहुधा त्याआधीचं. हे कळल्यावर आम्ही दोघं रस्ताभर घरं ओळखत चाललो. पुढे अठराव्या शतकात दगडी घरांची हौस आली, तेव्हा कित्येकांनी लाकूड गिलाव्याखाली झाकून टाकलं. ते पुन्हा उघडं झालं विसाव्या शतकात. त्याच शतकात, 1940 च्या आगीत आणि 1944 च्या बॉम्बहल्ल्यांत, कॅथेड्रल आणि सेन नदीच्या मधला जुना भाग बेचिराख झाला. त्यामुळे जे उरलंय ते पाहताना छातीत धडधडतं.

आणि मग रस्त्यावर आडवी आलेली ती कमान, 1527 ते 1529 मध्ये बांधलेली. तिच्यावर सोनेरी घड्याळ. निळ्या तबकडीवर सूर्याचे 24 किरण आणि काटा एकच, तासाचा, टोकाला छोटी मेंढी. वर चंद्राचा गोळा फिरतो, कला दाखवतो. खाली एका खिडकीत वाराची देवता येते: सोमवारी चंद्र, मंगळवारी मंगळ, शुक्रवारी शुक्र. आपल्या वारांचे ग्रह त्याच क्रमाने तिथे रथात बसलेले पाहून मला भरून आलं.

शेजारच्या घंटाघराची कथा तर विलक्षण आहे. 1382 मध्ये करांविरुद्ध शहर पेटलं, तेव्हा बंडाची घंटा इथेच वाजली. तेरा वर्षांचा राजा सहावा शार्ल आला आणि त्याने शिक्षा म्हणून मनोराच पाडायला लावला. आजचा मनोरा त्यानंतरचा. आतलं लोखंडी यंत्र 1389 चं आणि ते 1928 पर्यंत चालत होतं! तिकीट काढून वर जाता येतं. वाटेत घड्याळ सांभाळणाऱ्याच्या राहत्या खोल्या लागतात. जरूर जा.

मला राग आला तो गर्दीचा. गटच्या गट येतात, तबकडीसमोर फोटो काढतात आणि कमानीखालून निघून जातात. त्याच कमानीच्या पोटात, बरोबर डोक्यावर, मेंढपाळ येशू आणि त्याची चरणारी मेंढरं कोरलेली आहेत. हे शहर लोकरीवर श्रीमंत झालं, त्याच्या चिन्हातही मेंढी आहे. पाच मिनिटं मी तिथे मान वर करून उभी होते, धक्के खात. एकानेही वर पाहिलं नाही.

जेवणाचं म्हणाल तर दोन वाजून गेले आणि स्वयंपाकघर बंद, असं एका ठिकाणी दारातच ऐकवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. एका बेकरीतल्या बाईंनी मात्र शेवटचा पाव गरम करून दिला आणि बसायला स्वतःची खुर्ची ओढली.

शेवटी जुन्या बाजारातलं जोनच्या नावाचं चर्च पाहिलं, 1979 चं. त्याचं छप्पर मला अजिबात रुचलं नाही. आतल्या रंगीत काचा मात्र सोळाव्या शतकातल्या. त्या साँ-व्हँसाँ चर्चच्या. ते चर्च 1944 मध्ये उद्ध्वस्त झालं, पण युद्धाच्या तोंडावर कोणीतरी काचा उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या. आम्ही त्यांच्यासमोर इतका वेळ बसलो की परतीची ठरवलेली गाडी सोडून पुढची पकडली.