कॅरॉकच्या बंद टंगस्टन खाणीतले दगड ओळखताना

अतिनील दिवा शेवटी काढायचा. कॅरॉकला मी हाच क्रम ठेवला, कारण इथलं मुख्य खनिज वोल्फ्रॅमाइट दिव्याखाली चमकतच नाही. चमकतं ते टंगस्टनचंच दुसरं खनिज, शीलाइट. आधी दिवा लावला की काळा, जड, कामाचा दगड अंधारात तसाच राहून जातो.

खाण इंग्लंडच्या कंब्रिया भागात, ग्रेन्सगिल ओढ्याच्या काठी आहे. डेव्हन आणि कॉर्नवॉल सोडलं तर ब्रिटनमध्ये टंगस्टनचं खाणकाम झालं ते इथेच. टंगस्टनचा भाव चढला की उघडायची, पडला की बंद. शेवटचा फेरा १९८१ मध्ये संपला. नमुने गोळा करायला राष्ट्रीय उद्यानाची परवानगी लागते. मी हातोडा नेलाच नाही. सुटा दगड तोलायचा आणि होता तिथे ठेवायचा. बोगद्यात शिरायचं नाही. जुन्या पोकळ्यांचं छत आणि आतली हवा, दोन्हींचा भरवसा नसतो.

पहिलं काम शिरा, म्हणजे खडकाच्या भेगांत भरलेल्या खनिजांच्या पट्ट्या, शोधण्याचं. गारगोटीच्या तीन मुख्य शिरा, स्मिथ, हार्डिंग आणि एमर्सन, साधारण उत्तर-दक्षिण जातात आणि जवळजवळ उभ्या आहेत. त्यामुळे काम उतारात आडवे बोगदे घालून, शिरेमागोमाग वर पोखरत झालं. जिथे पोखरण पृष्ठभागाला फुटलं तिथे डोंगरात अरुंद खाच दिसते. होकायंत्र खाचेच्या दिशेने धरलं की शीर पुढे कुठे जाते याचा अंदाज येतो. पूर्व-पश्चिम जाणारी शीर दिसली तर ती नंतरची. तिच्यात टंगस्टन शोधून फार हाती लागत नाही.

ओढ्यातला करडा, चमचमता खडक ग्रायझेन आहे. तो मुळात ग्रॅनाइट. गरम द्रवांनी त्यातलं फेल्डस्पार हे खनिज खाल्लं आणि गारगोटी व पांढरं अभ्रक उरलं. याच द्रवांनी टंगस्टन आणलं, म्हणून मी टाकाऊ दगडांच्या ढिगातही ग्रायझेन चिकटलेली गारगोटी आधी पाहतो.

मग वजन. खिशातला लटकता काटा, दोरा आणि पाण्याची बादली पुरते. एक तुकडा हवेत १४२ ग्रॅम भरला, पाण्यात बुडवून १२२. फरक २०, १४२ भागिले २०, म्हणजे घनता ७.१. वोल्फ्रॅमाइट ७.१ ते ७.५ मध्ये येतं. गारगोटी २.६५ ची, ती चिकटलेली असली की आकडा झपकन खाली येतो. पाण्यात तोलताना दगड तळाला किंवा कडेला टेकला तर आकडा फसवा येतो. दगडाला चिकटलेला बुडबुडाही घनता कमी दाखवतो. बोटाने पुसून पुन्हा तोलावं.

फसवणूक करतं ते आर्सेनोपायराइट, लोखंड आणि आर्सेनिकचं खनिज. त्याची घनता सुमारे ६.१, शीलाइटची ६. पण ते चांदीसारखं पांढरं, धातूच्या चकाकीचं. शीलाइट मळकट पांढरं किंवा पिवळसर, मेणचट. आर्सेनोपायराइट ठोकलं की लसणासारखा वास येतो, तो हुंगायच्या भानगडीत पडू नये, आर्सेनिक आहे. हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही आणि ढिगाखालून झिरपणारं पाणी प्यायचं नाही.

आता दिवा. तरंगलांबी २५४ नॅनोमीटरचीच हवी. नोटा तपासायचा स्वस्त दिवा बहुधा ३६५ चा असतो, त्याखाली शीलाइट मुकाट बसतं. रात्र नसेल तर काळ्या कापडाखाली पाहावं, डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा ठेवून. शीलाइट निळसर पांढरं उजळतं, त्यातला मॉलिब्डेनम हा धातू वाढला की पिवळटपणा येतो. कपड्यांचा धागाही तसाच उजळतो, म्हणून फुंकर मारून पुन्हा पाहायचं. कॅरॉकच्या तुकड्यांत काळ्या वोल्फ्रॅमाइटच्या कडेने आणि भेगांतून ही चमक धावताना दिसते, कारण इथे शीलाइटने वोल्फ्रॅमाइटची जागा घेतली आहे.

खनिज वेगळं करण्याची अडचणही इथेच कळते. दगड दळल्यावर जड म्हणून दोन्ही टंगस्टन खनिजं पाणी वाहत्या, हलत्या टेबलावर गारगोटीपासून सुटतात, पण आर्सेनोपायराइट सोबत येतं. ते फेसाच्या टाकीत तरंगवून काढावं लागतं. मग जोरकस चुंबक वोल्फ्रॅमाइट ओढतो, शीलाइट मागे राहतं. दळण जास्त बारीक झालं तर दोन्ही ठिसूळ खनिजांचा गाळ होऊन पाण्याबरोबर वाहून जातो. आपल्या नागपूरजवळच्या कुही-खोबना पट्ट्यातही ही दोन्ही खनिजं आहेत, तेव्हा तिथला दगड हातात आला तरी आधी काटाच काढावा.