आमची वाटचाल : थोरलीचे ब्रेक धाकटीला

आमचं गॅरेज सुरू झालं ते साध्या सर्व्हिसिंगवर. ऑइल बदला, पॅड टाका, गाडी सोडा. ब्रेकच्या कामाकडे आम्हाला वळवलं ते ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्या गिऱ्हाइकांनी. तक्रार ठरलेली : पहिल्या काही फेऱ्या ब्रेक छान लागतो, मग पेडल घट्ट असूनही गाडी थांबायचं नाव घेत नाही, नाहीतर पेडलच थेट तळाला जातं. पहिल्या प्रकारात पॅड तापून पकड सोडतात, दुसऱ्यात ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ होते. मूळ एकच, उष्णता. वेग १०० वरून १४० वर गेला की जिरवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते आणि त्यातली बहुतेक चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कमध्ये शिरते.

मोठ्या ब्रेकचे तयार किट विकून मोकळं होता आलं असतं. आमचा कल मात्र पहिल्यापासून कंपनीच्याच थोरल्या मॉडेलचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) धाकट्या गाडीला बसवण्याकडे. रेसिंगच्या बऱ्याच कॅलिपरना पॅड ढकलणाऱ्या पिस्टनवर धूळ अडवणारं रबर नसतं; रोज रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला ते परवडत नाही. कंपनीच्या कॅलिपरला ते असतं, शिवाय सील किट आणि पॅड सहज मिळतात.

हात बसला तो माझदा एमएक्स-५ वर. पहिल्या पिढीत १.६ लिटरच्या गाडीला पुढे २३५ मिमीची डिस्क, १.८ ला २५५ ची. १.८ चं कॅलिपर ब्रॅकेटसकट १.६ ला थेट बसतं. मग सुबारू आल्या : डब्ल्यूआरएक्सला तिच्या थोरल्या मॉडेलचे, एसटीआयचे, ब्रेम्बो कंपनीचे कॅलिपर. पुढचं काम सोपं, पण मागे हँडब्रेकचा ड्रम १७० ऐवजी १९० मिमीचा, म्हणजे आतली बॅकिंग प्लेटसुद्धा (हँडब्रेकचे शू जिच्यावर बसतात ती) बदलायची. ‘फक्त चार बोल्ट’ म्हणून आलेली गाडी हबपर्यंत उघडावी लागते. हे आधी सांगितलं की निम्मी गिऱ्हाइकं विचार करून येतो म्हणतात. बरंच आहे.

धंद्याला खरं वळण लागलं ते आम्ही पान्याआधी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात घ्यायला लागलो तेव्हा. चार पिस्टन म्हणजे चौपट ब्रेक, असं लोकांना वाटतं. पण सरकत्या कॅलिपरच्या (त्याला पिस्टन एकाच बाजूला असतो) एका पिस्टनशी तुलना करताना समोरासमोरच्या चारांपैकी एकाच बाजूचे दोन धरायचे असतात. ५४ मिमीचा एक आणि ४० मिमीचे दोन, हिशोब करून बघा : क्षेत्रफळात फरक जेमतेम १० टक्के. तो फार वाढला तर पेडल लांब जातं आणि मास्टर सिलिंडरही (पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणारा) बदलावा लागतो. नुसता पुढचाच जोर वाढवला तर पुढची चाकं लवकर लॉक होतात, मागचे ब्रेक निम्मे रिकामे बसतात आणि गाडी आधीपेक्षा लांब जाऊन थांबू शकते. म्हणून पुढे-मागे दोन्हीचा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय आम्ही गाडी जॅकवर घेत नाही.

एक अडचण कागदावर दिसत नाही. काही गाड्यांत कॅलिपर अॅक्सलच्या मागे असतो, काहींत पुढे. मागे बसणारा कॅलिपर त्याच बाजूला पुढे लावला की हवा काढायचा निपल खाली येतो आणि वर अडकलेली हवा काही केल्या निघत नाही. डावा-उजवा अदलाबदल केला की निपल वर येतो, पण लहान-मोठे पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये त्यांचा क्रम उलटतो. लहान पिस्टन डिस्क आत शिरते त्या टोकाला हवा. नाहीतर पॅड तिरके झिजतात. असा जोड कितीही स्वस्तात मिळो, आम्ही सोडून देतो.

रिमचं मोजमाप धाकटा भाऊ बघतो. कॅलिपरच्या पाठीवर मातीचा गोळा थापायचा, रिम चढवून हाताने एक फेरा द्यायचा, रिम काढून दबलेली माती कापायची आणि जाडी मोजायची. तीन मिमीच्या खाली गेली तर रिम बदला, नाहीतर स्पेसर, म्हणजे रिम बाहेर सरकवणारी चकती, घाला. इंटरनेटवरच्या ‘१७ इंची रिम चालते’ यावर त्याचा काडीचा विश्वास नाही, कारण इंच तेच असले तरी आऱ्यांचा बाक वेगळा असतो.

बऱ्याच जणांना आम्ही कॅलिपर न विकताच परत पाठवतो. पहिल्याच जोरदार दाबाला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) जागं होत असेल, तर त्या एका थांब्यापुरती हद्द टायरची आहे. मोठा ब्रेक तिथे काही करणार नाही. ऑइलचंही तसंच. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरं असताना किमान २३० अंश, ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरतो. नवं ऑइल आणि चांगले पॅड यांवर पुष्कळांचं दुखणं थांबतं. ज्यांना रिमच्या जाळीतून लाल कॅलिपर दिसायला हवा, त्यांना आम्ही रंगाचा डबा सुचवतो. काही रागावतात.

आता येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकची मोटर मागच्या कॅलिपरवरच असते आणि तिच्या तारा कॉम्प्युटरला जोडलेल्या. तिथे नुसतं मोजून भागत नाही, म्हणून त्या गाड्यांचं मागचं काम सध्या आम्ही घेत नाही, आणि मागचं नाही तर पुढचंही नाही. भाऊ त्यातलं शिकतो आहे.