नंबरचा चष्मा आहे, पण संरक्षण आहे का?

लेथवर किंवा ग्राइंडरवर काम करणाऱ्या आणि आधीपासूनच नंबरचा चष्मा लावणाऱ्या अनेकांना वाटते की डोळ्यांसमोर काच आहे म्हणजे डोळे सुरक्षित आहेत. मी स्वतः लेथवर काम करतो आणि मला दूरचा नंबर आहे, म्हणून ही समजूत किती घट्ट बसलेली असते हे मी जाणतो. पण ती चुकीची आहे आणि प्रसंगी डोळा गमावायला लावणारी आहे.

रोजच्या चष्म्याची काच फुटेल, एवढीच भीती नसते. जोरात उडालेला धातूचा कण आदळल्यावर काच न फुटताही नाजूक फ्रेमच्या खाचेतून निसटून थेट डोळ्यावर येऊ शकते. म्हणूनच काचेइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, लक्ष फ्रेमकडे द्यावे असे माझे ठाम मत आहे. सेफ्टी फ्रेमची खाच काच मागे सरकू नये अशा बेताने घडवलेली असते आणि बाजूंना आडोसा असतो, कारण ठिणगी नेहमी समोरूनच येते असे नाही. अमेरिकेतील झेड ८७.१ या मानकानुसार नंबरच्या काचांसाठी तपासलेल्या फ्रेमवर ‘झेड ८७-२’ (Z87-2) अशी खूण असते. जोरदार आघाताच्या वर्गासाठी ६.३५ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने मारून चाचणी घेतात. चष्मा घेताना दांडीच्या आतली बाजू उजेडात धरून ती बारीक अक्षरे अवश्य वाचावीत.

चष्म्यावरून मोठा गॉगल चढवण्याची सोय आहे आणि ती नियमबाह्य नाही. मात्र दोन काचांच्या मध्ये वाफ धरते, दांड्या कानामागे रुततात आणि मायक्रोमीटरवरचे आकडे वाचायची वेळ आली की माणूस नकळत गॉगल कपाळावर सरकवतो. यंत्र तेव्हाही फिरतच असते. नंबर संरक्षक काचेतच बसवला, तर हे कारणच उरत नाही.

या काचा बहुधा पॉलिकार्बोनेटच्या असतात. हे प्लास्टिक आघात उत्तम सोसते, परंतु त्यावर ओरखडे लवकर पडतात, ॲसिटोनने ते खराब होते आणि नंबर जास्त असेल तर कडेला रंगीत झालर दिसते. तो त्रास जाणवणाऱ्यांनी ट्रायव्हेक्स या दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकच्या काचेबद्दल विचारावे. अर्थात रसायने उडण्याचा धोका असेल तिथे चेहऱ्याला चिकटून बसणारा गॉगलच हवा, आणि वेल्डिंगसाठी योग्य छटेची काच.

नंबर काढून घेताना आपण काम किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला पाहून करतो, हे तपासणाऱ्याला आवर्जून सांगावे. डोक्यावरच्या तारा जोडणाऱ्याला जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असून उपयोग नाही, कारण त्याला मान मागे टाकून काम करावे लागते. त्याच्यासाठी वरच्या भागातही जवळचा नंबर असलेल्या काचा बनवून मिळतात.