साठलेली रजा आणि दोडक्याची फुले

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षाला 30 दिवसांची अर्जित रजा मिळते. ती 1 जानेवारी आणि 1 जुलै अशा दोन हप्त्यांत खात्यावर जमा होते आणि 300 दिवसांची मर्यादा गाठली की त्यापुढे साठत नाही. माझे खाते केव्हाच काठोकाठ भरलेले असल्यामुळे दर सहामाहीला नवी रजा येऊन वाया जात होती. आजारपण नाही, घरात लग्नकार्य नाही, परदेशातल्या मुलाकडे जायचे नाही, तरीही एखादी बाई संपूर्ण पावसाळ्याची रजा मागते हे कार्यालयात बऱ्याच जणांच्या पचनी पडले नाही. अर्जात कारणाच्या रकान्यात मी ‘घरगुती कारणास्तव’ असे लिहिले आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत ते पहिल्यांदाच अक्षरशः खरे होते.

नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला घराची सकाळ येते ती घाईची आणि रात्र येते ती दमलेली. मधले आठ-दहा तास घर आपल्यावाचून चालू असते. गच्चीवरची बाग आणि हाताने करायची शिवण या दोन्ही गोष्टी मात्र त्या मधल्या तासांच्याच असतात, आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत त्या उरकायला गेले की त्याही कार्यालयातल्या प्रलंबित प्रकरणांसारख्या होऊन बसतात. हे मला सगळ्यात आधी समजावून दिले ते दोडक्याने.

आमच्या गच्चीवर दोडक्याचा वेल दर पावसाळ्यात असतो. वेल जोमाने चढतो, पिवळीधमक फुले येतात, बोटाएवढी दोडकी दिसू लागतात आणि दोन-तीन दिवसांत पिवळी पडून गळतात. या गळतीचे कारण खतात नाही, घड्याळात आहे. दोडक्याची फुले सकाळी उमलत नाहीत. ती संध्याकाळी, ऊन कलल्यावर उमलतात. नर फुले घोसाने येतात, मादी फूल एकटे असते आणि त्याच्या देठाशी इवलेसे दोडके आधीपासून दिसत असते. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर संध्याकाळी परागीभवनाला पुरेसे कीटक फिरकत नाहीत, म्हणून ते काम आपणच करायचे असते. ताजे उमललेले नर फूल खुडावे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि पुंकेसरांवरची पिवळी भुकटी मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवावी. परागीभवन नीट झालेले दोडके तिसऱ्या दिवशी हिरवेगार आणि फुगीर दिसते, राहून गेलेले त्याच वेळेपर्यंत मलूल झालेले असते. घोसाळे हे दोडक्याचे सख्खे भावंड, पण त्याची फुले भल्या पहाटे उमलतात. पडवळाची पांढरी, झालरीसारखे धागे सुटलेली फुले रात्रीची, तर कारल्याची सकाळची. एकाच मांडवावर चार वेल असतील तर चारांचे वेळापत्रक निराळे असते, आणि मी एरवी त्यातल्या संध्याकाळच्या वेळी पुण्याच्या वाहतुकीत अडकलेली असते.

मातीविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण गच्चीवरच्या बागेचा खरा प्रश्न झाडांचा नसून वजनाचा असतो. भिजलेली माती घनफुटाला पन्नास किलोच्या आसपास भरते, त्यामुळे सोसायटीतल्या मंडळींची स्लॅबबद्दलची काळजी अनाठायी म्हणता येत नाही. उपाय सोपा आणि फुकटचा आहे, तो म्हणजे वाळलेला पाला. कुंडीत निम्म्याहून अधिक चुरलेला पाला, उरलेल्या भागात घरच्या ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट आणि मूठ-दोन मूठ माती एवढ्यावर पालेभाज्या आणि वेल उत्तम येतात. शहरात आपण हाच पाला जाळतो आणि कोकोपीट विकत आणतो, याचे मला मनापासून नवल वाटते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून काडीकचऱ्यापासून सुपीक माती घडवण्याचा आणि दहा गुंठ्यांत एका कुटुंबाच्या निर्वाहाचा विचार मांडला होता. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, आणि आमची अख्खी गच्चीसुद्धा तेवढी नाही. पण पाल्याला कचरा न मानण्याची ती दृष्टी कुंडीलाही लागू पडते.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचे पातळ खत, तेही मी करून पाहिले. विदर्भातले सुभाष पाळेकर यांनी लोकप्रिय केलेले हे प्रमाण 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण असे एकरासाठीचे आहे. त्याला विसाने भागले की 10 लिटरच्या बादलीला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र आणि मूठभर गूळ व बेसन एवढे पुरते. शेजाऱ्यांच्या खिडक्या ज्या दिशेला आहेत तिकडे मात्र ही बादली ठेवू नये, हे या कृतीत कोणी लिहीत नाही. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांना यातले काहीच लागू पडले नाही. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने ते घासून काढावे लागले.

पावसाची झड लागली की गच्चीवर जाता येत नाही, आणि मग दुपार गोधडीची असते. भाचीला दिवस गेले आहेत, तिच्या बाळासाठी एक दुपटे आणि त्यानंतर घरासाठी एक मोठी गोधडी असे मी ठरवले. शिकवायला सासूबाई होत्या. त्यांचे माहेर फलटणकडचे, वय ऐंशीच्या पुढे, सुईत दोरा ओवण्यापुरती दृष्टी उरलेली नाही, पण बोटे अजून कापडाची प्रत ओळखतात. त्यांच्या लुगड्यांच्या गाठोड्यातून त्यांनी हाताने चाचपूनच निवड केली. विटलेली पण मऊ सुती लुगडी आतल्या थरांसाठी, न फाटलेली वरच्या आणि खालच्या थरासाठी, आणि माझ्या दोन झुळझुळीत साड्या त्यांनी बाजूलाच सारल्या. कृत्रिम धाग्याचे कापड थरात सरकते आणि घामही टिपत नाही.

थर एकमेकांवर अंथरून, चारही कोपऱ्यांवर वजने ठेवून, हाताने सुरकुत्या काढत आधी मोठमोठ्या टाक्यांनी ते टाचून घ्यायचे. मग जाड सुईने कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चारही बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे यायचे. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपासून अर्ध्या बोटाच्या अंतरावर. वरचा हात टाका घालतो आणि खालचा हात सुई सगळ्या थरांतून पार झाली का हे चाचपतो. या खालच्या हाताची मधली बोटे पहिल्या आठवड्यात चांगलीच टोचून निघतात.

दुपट्याची तिसरी ओळ एका ठिकाणी बाहेर झुकली, तेव्हा मी विचारले, “आई, वाकडं गेलंय. उसवू का?”

त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवले. “उसवू नको गं. जुनं कापड आहे, उसवलंस की छिद्रं पडतील. पुढची ओळ त्याच्याच कडेनं ने.”

तसे केल्यावर पुढच्या ओळींनीही तेच वळण घेतले आणि दुपट्याच्या एका बाजूला पाण्यावरच्या लहरीसारखी नक्षी उमटली. सरळ ओळींची बाजू त्यापुढे अगदीच मिळमिळीत दिसते.

श्रावणातल्या स्वयंपाकाविषयी फार लिहीत नाही. ते सगळ्यांच्या घरी थोड्याफार फरकाने सारखेच असते. दिव्यांच्या अवसेला कणकेचे दिवे झाले, आणि नागपंचमीला काही चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही म्हणून पुरणाची दिंडे उकडली. फक्त अळूबद्दल एवढेच, की काळपट देठाचे वडीचे अळू कुंडीतल्या ओलसर सावलीत इतके फोफावते की आठवड्याला वड्या कराव्या लागतात. चिंचेच्या कोळात हात आखडता घेतला, तर घरच्या कौतुकाच्या अळूनेही घसा खवखवतो.

गणपती झाले की मी पुन्हा रुजू होणार आहे. मोठी गोधडी तोवर निम्मीच होईल, तिची मला चिंता नाही. ती गुंडाळून ठेवता येते. 29 फेब्रुवारी 2020 पासून शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आला, तेव्हा शनिवार मोकळे झाले, पण त्या बदल्यात रोजची वेळ वाढून सव्वासहाला सुटणे नशिबी आले. म्हणजे दोडका उमलतो त्या वेळी मी टेबलावरची टिपणी संपवत असणार. यजमानांनी परागीभवनाची जबाबदारी घेण्याची तयारी दाखवली आहे, पण नर आणि मादी फुलांतला फरक त्यांना दोनदा समजावून सांगूनही मला फारसा भरवसा वाटत नाही. त्यापेक्षा पुढच्या मृगाला मांडवावर घोसाळे लावायचे असे ठरले आहे. त्याची फुले माझी बस सुटण्याच्या आधी उमललेली असतात, आणि आमच्याकडे घोसाळ्याच्या भज्यांना कोणीही नाही म्हणत नाही.